काहीही हं, आई!

‘डेली सोप? छे, आम्ही नाही बघत बुवा!’ असं म्हणणाऱ्या प्रत्येकाला जान्हवीला सासवा किती होत्या, ते बरोब्बर माहीत असतं. मालिकांना नावं ठेवता ठेवता त्यांच्या प्रेमात पडलेल्या एका मुलीचा हा जाहीर कबुलीजबाब...

परवाची गोष्ट. बाणेरमधलं एक चकाचक को-वर्किंग ऑफिस. काचेच्या भिंती, कॉफीचा वास, प्रत्येकाच्या लॅपटॉपवर स्टिकर्स. मी कोपऱ्यात बसून, कानात इअरबड्स घालून, चेहऱ्यावर ‘क्लायंटचं प्रेझेंटेशन बघतेय’ असे गंभीर भाव आणून फोनवर कालचा एपिसोड बघत होते. सासूबाई जिन्यात, सूनबाई हॉलमध्ये, आणि सूनबाईंच्या हातात ते पाकीट. आता ती उघडणार... आणि इअरबड्सची बॅटरी गेली.

बॅटरी जाण्याचं काही नाही हो. पण माझा फोन जास्तच हुशार. त्याने परस्पर मीटिंग रूमचा ब्लूटूथ स्पीकर शोधला. धाड! धाड! धाड! अख्ख्या मजल्यावर ते सुप्रसिद्ध संगीत घुमलं. पाठोपाठ सासूबाईंचा हुंदका. मीटिंग रूममध्ये सिंगापूरच्या क्लायंटशी कॉल चालू होता. तिकडच्यांना काय वाटलं असेल, देव जाणे!

पंधरा-वीस माना माझ्याकडे वळल्या. मी टेबलाखाली शिरायच्या बेतात. तेवढ्यात मागच्या डेस्कवरचा, काळा टी-शर्ट घालून दिवसभर कोडिंग करणारा आणि वर्षभरात माझ्याशी एक शब्दही न बोललेला मुलगा हळूच म्हणाला, ‘‘कालचा आहे ना? पुढचं सांगू नकोस प्लीज, मी रात्री आईबरोबर बघणारेय.’’

बॉस, त्या क्षणी फंडा क्लिअर झाला. आपण एकट्या नाही आहोत!

चोरून बघणाऱ्यांची जमात

त्या दिवसापासून मी जरा चौकशी सुरू केली. लंच टेबलवर सगळे कोरियन ड्रामा नाहीतर स्कँडिनेव्हियन थ्रिलरबद्दल बोलतात. पण मध्येच ‘अण्णा नाईक’ असं नुसतं पुटपुटून बघा. निम्मी माणसं आपोआप घोगऱ्या आवाजात उत्तर देतात!

हिंजवडीत आयटीत असलेली माझी एक मैत्रीण मेट्रोत दीडच्या स्पीडने मालिका बघते. ‘‘दीडच्या स्पीडला सासू रागावली की कार्टून वाटते, मस्त स्ट्रेस जातो,’’ हे तिचं म्हणणं. न्यू जर्सीत राहणारी एक कॉलेजमैत्रीण सकाळी डबे भरताना मालिका लावते, कारण तिच्या सासूबाई इथे डोंबिवलीत तीच बघतात. ‘‘वीकेंडच्या कॉलवर बोलायला काहीतरी विषय नको का? नाहीतर ‘स्नो पडला का’ आणि ‘जेवलीस का’ यापुढे गाडी जात नाही,’’ ती म्हणाली. स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारा एक मित्र सदाशिव पेठेतल्या मेसमध्ये जेवतो. तिथे साडेसात ते साडेआठ रिमोट मेसवाल्या काकूंच्या हातात. ‘‘पोळी गरम हवी तर मालिका बघायची, सोपं गणित,’’ इति हा भावी अधिकारी.

लक्षात आलं का? यातलं कुणीच एकटं बघत नाही. कुणाची आई, कुणाची सासू, कुणाच्या मेसच्या काकू. माझी स्टोरीही थोडीफार तशीच.

माझी पत्रकारितेतली पहिली नोकरी

आमचं घर साताऱ्याचं. बाहेरच्या खोलीत टीव्ही, आत स्वयंपाकघर, मध्ये एक भिंत. त्यामुळे माझ्या आईने आयुष्यात मालिका ‘बघितल्या’ कमी आणि ‘ऐकल्या’ जास्त. तिची पाठ टीव्हीकडे, हात पोळपाटावर, कान मात्र बाहेर. सिरियलमध्ये अचानक शांतता पसरली की आतून आवाज यायचा, ‘‘काय झालं गं?’’ आणि मी, वय वर्षं सहा-सात, बाहेरून ओरडायचे, ‘‘ती नुसतीच बघतेय!’’ ‘‘कुणाकडे?’’ ‘‘सगळ्यांकडे!’’

पुढे मास कम्युनिकेशनची डिग्री घेतली तेव्हा सरांनी विचारलं, ‘‘रिपोर्टिंगचा अनुभव?’’ खरं तर मी सांगायला हवं होतं, ‘‘सर, २००३ पासून. बीट- वादळवाट.’’

ते दिवस वेगळेच होते. १९९९ मध्ये अल्फा मराठी सुरू झालं आणि त्याच वर्षी आलेल्या ‘आभाळमाया’ने मराठी घरांना रोजच्या मालिकेची सवय लावली. सुकन्या कुलकर्णींची सुधा जोशी माझ्या आईच्या पिढीला नात्यातली वाटायची. मग २००३ मध्ये ‘वादळवाट’ आली. देवराम खंडागळेची पडद्यावर एंट्री झाली की मी उशीमागे लपायचे. २००१ मध्ये सुरू झालेलं ‘श्रीयुत गंगाधर टिपरे’ म्हणजे दिलीप प्रभावळकरांच्याच ‘अनुदिनी’वरून बेतलेलं घर. त्यात कुणी कुणाच्या दुधात विष कालवायचं नाही. आबा, शेखर, श्यामला, शिऱ्या, शलाका, बस्स. कुणाचा पासबुकावरून गोंधळ, कुणाचा पाहुण्यांवरून. एवढ्यावर अख्खा एपिसोड रंगायचा! आजही मूड गेला की मी टिपऱ्यांच्या घरी जाऊन येते.

आणि दुसऱ्या टोकाला ईटीव्ही मराठीवर ‘चार दिवस सासूचे’. रोहिणी हट्टंगडी विरुद्ध कविता लाड. म्हणीप्रमाणे सासूचे चारच दिवस असायला हवे होते. पण ते २००१ ला सुरू झाले आणि २०१३ पर्यंत संपलेच नाहीत, भाग झाले तीन हजारांच्या वर! म्हणजे ती सुरू झाली तेव्हा मी दुपट्यातून नुकतीच बाहेर पडले होते आणि संपली तेव्हा दहावीचे क्लासेस करत होते.

बाबा? बाबा मालिका बघत नाहीत. ते पेपर वाचतात. संध्याकाळी साडेसातला, सकाळचाच पेपर, त्याच पानावर. आणि आई कुठे चुकली की पेपरमागून करेक्शन येतं, ‘‘अगं ती त्याची सख्खी बहीण नाही, मामेबहीण आहे!’’

टीव्हीतल्या घरात राहायचंय? मग हे नियम पाळा!

वीसेक वर्षांच्या अखंड साधनेनंतर तुमच्यासाठी खास-

१. गुपित सांगायचं असेल तर ते मोठ्याने, सावकाश आणि उघड्या दारापाशी उभं राहून सांगा. दाराबाहेर कुणीतरी असतंच. नसेल तर थांबा, येईल.

२. झोपताना बनारसी साडी, ठुशी आणि केसात गजरा आवश्यक. सकाळी उठल्यावर लिपस्टिक जिथल्या तिथे हवी.

३. नाश्त्याला टेबलावर पोहे, उपमा, फळं, ज्यूस असं सगळं मांडा. पण खाऊ नका. पहिला घास तोंडाजवळ नेला की कुणीतरी ‘मला तुम्हा सगळ्यांना काहीतरी सांगायचंय’ म्हणतं.

४. मोबाइल फक्त दोन कामांसाठी. हातातून पाडायला आणि ‘आऊट ऑफ रीच’ असायला. गैरसमज दूर करायला एक मेसेज पुरेसा असतो, हे कुणालाही सुचता कामा नये.

५. ऑफिसात काम नसतं, ‘टेंडर’ असतं. ते कशाचं असतं, विचारू नका.

६. आरतीचं ताट हातात घेतलं की वारा सुटतो.

७. घरातली खलनायिका कट करताना स्वतःशी मोठ्याने बोलते. तिला मैत्रिणी नसतात. (मला खरंच वाईट वाटतं तिचं.)

८. डॉक्टर नेहमी चष्मा काढून बोलतात आणि पुढचे ‘चोवीस तास’ महत्त्वाचे असतात. हे चोवीस तास किमान दोन आठवडे टिकतात.

हसा, पण कारणं पण ऐका

ही सगळी खिल्ली मी कॉलेजात असताना जाम उडवली. आम्ही होस्टेलच्या मुली ‘होणार सून मी ह्या घरची’ लावून अक्षरशः लोळायचो. २०१३ मध्ये सुरू झालेली ही मालिका, शशांक केतकरचा श्री, तेजश्री प्रधानची जान्हवी आणि त्या दोघांच्या मध्ये अर्धा डझन सासवा. जान्हवीचं ते ‘काहीही हं श्री!’ तर महाराष्ट्राचं राष्ट्रीय वाक्य झालं होतं. तिचं बाळंतपण इतकं लांबलं की व्हॉट्सअॅपवर त्याचे विनोद फिरून फिरून म्हातारे झाले. शेवटी जानेवारी २०१६ मध्ये मालिकेनेच निरोप घेतला.

मग मास कॉमच्या निमित्ताने टीव्हीचं काम कसं चालतं ते कळायला लागलं, आणि बऱ्याच ‘काहीही’मागे काहीतरी आहे असा साक्षात्कार झाला.

हिशेब बघा. अर्ध्या तासाच्या स्लॉटमध्ये जाहिराती वजा जाता साधारण बावीस मिनिटांची गोष्ट लागते. आठवड्यातून सहा दिवस, कधी महाएपिसोड लागला तर सातही. म्हणजे दर दिवसाला जवळजवळ एक एपिसोड शूट व्हायलाच हवा. सिनेमावाले दोन-सव्वादोन तासांसाठी महिनोन्महिने घेतात. इथे तेवढा मजकूर आठवड्याभरात कॅमेऱ्यासमोर जातो. मग ठाण्यात नाहीतर फिल्म सिटीत उभारलेल्या एकाच हॉलमध्ये, एकाच जिन्यावर अख्खं खानदान राहणार, भांडणार आणि चोरून ऐकणार, दुसरं काय! त्या घराला दारं उघडी ठेवण्यावाचून पर्यायच नाही.

नायक अचानक ‘ऑफिसच्या कामासाठी बंगळुरूला’ गेला की समजावं, अॅक्टरला एकतर ताप आलाय नाहीतर नाटकाचा दौरा आहे. तेवढ्यानेही भागलं नाही की चेहराच बदलतो. ‘माझ्या नवऱ्याची बायको’मध्ये रसिका सुनील गेली आणि ईशा केसकर शनाया झाली. मग काही काळाने रसिका परत आली! नवरा तोच, बायको तीच, नागपूरची राधिका सगळ्यांना पुरून उरतेय, मधल्या मधे शनाया दोनदा बदलली आणि घरात कुणाच्या लक्षातही आलं नाही. आई म्हणाली, ‘‘आपल्याकडे नाही का, सूनबाई माहेराहून आली की जरा वेगळीच दिसते!’’

आणि गुरुवार. चॅनेलवाल्यांच्या जगात शनिवारपेक्षा गुरुवारची साडेसाती मोठी. २०१५ पासून ‘बार्क’चे आकडे येतात, देशभरातल्या हजारो घरांमध्ये बसवलेल्या मीटरवरून. ते गुरुवारी आले की ठरतं, कुणाचं लग्न लांबवायचं आणि कुणाला जिन्यावरून ढकलायचं. ‘तुला पाहते रे’मध्ये चाळिशीतल्या सुबोध भावेच्या आणि विशीतल्या ईशाच्या प्रेमावर घराघरांत परिसंवाद झाले. पुढे चक्क पुनर्जन्म निघाला!

पण माझं सगळ्यात मोठं अज्ञान दूर केलं ते एका मालिकेसाठी संवाद लिहिणाऱ्या माझ्या सीनियरने. मी तिला म्हटलं, ‘‘अगं, तुमच्याकडे प्रत्येक जण समोरच्याचं नाव, नातं आणि कालची घटना पुन्हा पुन्हा का सांगतो? ‘प्रिया, तू माझी सख्खी बहीण असून माझ्याच लग्नात...’ कोण बोलतं असं?’’

ती शांतपणे म्हणाली, ‘‘जिची पाठ टीव्हीकडे असते, तिच्यासाठी लिहितो आम्ही. ती पोळ्या लाटतेय, कुकरच्या शिट्ट्या मोजतेय, मध्येच दूधवाला येतोय. तिला चेहरा दिसत नाही. मग नाव नको घ्यायला?’’

मी गप्प. कारण ती पाठ मी ओळखत होते. ते धाड धाड संगीत आणि तीन-तीनदा दाखवलेले चेहरे कशासाठी, तेही तेव्हाच कळलं. आवाज झाला की तिने लाटणं हातात घेऊन दारापर्यंत यायचं, आणि ती येईपर्यंत चेहरा पडद्यावर टिकायला हवा! मी लहानपणी जे काम फुकट करत होते, ते हा ढोल करत होता.

आमच्या साताऱ्याची शीतली

आणखी एका गोष्टीसाठी मालिकांना शंभर गुन्हे माफ. मी लहान असताना टीव्हीवरचं मराठी घर म्हणजे मुंबई-पुण्याचं घर. भाषा घासूनपुसून लख्ख. गावाकडची भाषा बोलणार कोण, तर गडी नाहीतर विनोदी पात्र.

२०१६ च्या आसपास हवा पालटली. ‘रात्रीस खेळ चाले’ने मालवणी थेट प्राइम टाइमला आणली. सिंधुदुर्गातल्या आकेरीतला तो नाईकांचा वाडा बघायला लोक गाड्या करून जायला लागले. कोकणात पहिल्यांदाच समुद्र सोडून पर्यटक भुतांच्या मागे! ‘तुझ्यात जीव रंगला’चा राणादा कोल्हापुरी बोलला, राधिका नागपुरी. आणि २०१७ मध्ये ‘लागिरं झालं जी’ आली. फौजी अज्या आणि शीतली, थेट आमच्या साताऱ्याकडची. आमच्या जिल्ह्यात घरटी एक तरी फौजी, त्यामुळे ही मालिका नव्हतीच, आमच्या गल्लीचं वार्तापत्र होतं. आईचा फोन यायचा, ‘‘अगं, शीतली अगदी आपल्यासारखी बोलते!’’

आता यात गंमत अशी की मी तेव्हा पुण्यात स्वतःची भाषा घासत होते. ‘आलते, गेलते’ म्हटलं की वर्गात हसायचे, म्हणून ‘आले होते, गेले होते’ची प्रॅक्टिस चाललेली. आणि तिकडे अख्खा महाराष्ट्र रोज रात्री माझ्या घरची बोली ऐकत होता. पुढच्या वेळी वर्गात कुणीतरी हसलं तेव्हा मी म्हटलं, ‘‘टीव्हीवर चालतं, इथे का नाही?’’ त्यानंतर मी प्रॅक्टिस सोडली.

अरुंधतीचं भागतं का गं?

आता खरी गोष्ट. ही सांगावी की नाही यावर मी दोन दिवस विचार केला.

डिसेंबर २०१९ मध्ये ‘आई कुठे काय करते!’ सुरू झाली. ‘श्रीमोयी’ या बंगाली मालिकेवर बेतलेली. हिंदीतली ‘अनुपमा’ त्यानंतरची, २०२० ची. तेव्हा उगाच ‘हिंदीची कॉपी’ म्हणायचं काम नाही! मधुराणी प्रभुलकरची अरुंधती म्हणजे नवरा, मुलं, सासू-सासरे यांच्यासाठी पंचवीस वर्षं राबलेली बाई. नवरा अनिरुद्धचं ऑफिसातल्या संजनाशी प्रकरण. लॉकडाऊनमध्ये शूटिंग बंद पडलं, जुने भाग लागले. मी साताऱ्याला घरून काम करत होते. जुलै २०२० मध्ये नवे भाग सुरू झाले तेव्हा किती वर्षांनी मी आणि आई एकत्र मालिका बघायला बसलो. भिंतीच्या अलीकडे, दोघीही. मटार सोलत.

मग मी पुण्याला परत आले. आणि २०२२ च्या सुरुवातीला चांगली पर्मनंट नोकरी सोडली. फ्रीलान्स करायचं, स्वतःचं लिहायचं. घरी सांगितलं, आणि आमच्या घरात खऱ्याखुऱ्या सिरियलमधली शांतता पसरली. बाबा पेपरमागे गेले. आई म्हणाली, ‘‘पीएफ असलेली नोकरी कुणी सोडतं का?’’ मी म्हटलं, ‘‘तुला नाही कळायचं.’’

झालं. त्या तीन शब्दांनंतर आई माझ्याशी बोलायची बंद झाली. म्हणजे फोन यायचा, पण त्यात मी नसायचे. रात्री आठ वाजून पाच मिनिटांनी, मालिका संपली की, ‘‘बघितलंस का आज?’’

‘‘बघितलं.’’

‘‘अनिरुद्ध किती निर्लज्ज आहे.’’

‘‘हो ना.’’

‘‘ठीक आहे, ठेवते.’’

एवढंच. रोज. पैसे किती मिळतात, काम मिळतंय का, एक शब्द नाही. मीही सांगितलं नाही. खरं तर दोन महिने काहीच येत नव्हतं. एका ठिकाणचे पैसे अडकले होते, घरभाडं मैत्रिणीकडून उसने घेऊन भरलं होतं, आणि हे आईला सांगणं म्हणजे ‘बघ, मी म्हटलं नव्हतं?’ ऐकणं.

त्याच सुमाराला मालिकेत घटस्फोट झालेली अरुंधती घर सोडून स्वतःचं बिऱ्हाड करत होती. आईचा फोन आला. नेहमीचं बोलणं झालं, पण तिने फोन ठेवला नाही.

‘‘तिचं कसं व्हायचं गं?’’

‘‘कुणाचं?’’

‘‘अरुंधतीचं. बाहेर पडली खरी. पण भाडं, किराणा, लाइटबिल... भागतं का तिचं?’’

मी खिडकीपाशी जाऊन उभी राहिले.

‘‘ओढाताण होते जरा. पण भागवते ती.’’

‘‘जेवते का वेळेवर?’’

‘‘ते दाखवत नाहीत गं मालिकेत.’’

‘‘दाखवत नाहीत म्हणूनच विचारतेय.’’

मग मी सांगितलं. अरुंधतीचे एका ठिकाणचे पैसे अडकलेत. मैत्रिणीचे थोडे देणं आहे. पण काम तिला आवडतंय, सकाळी उठून कामाला बसावंसं वाटतं. आई सगळं ऐकून म्हणाली, ‘‘तिला म्हणावं, मैत्रिणीचे आधी दे. उसने पैसे डोक्यावर ठेवून माणसाला झोप लागत नाही.’’

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी शेजारच्या काकांच्या मुलासोबत स्वारगेटपर्यंत एक पिशवी आली. शेंगदाण्याची चटणी, कंदी पेढे, गव्हाचं पीठ. पिठाच्या पिशवीत, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं पाकीट. आईच्या शिवणकामाचे पैसे. ती ब्लाउज शिवते हे मला माहीत होतं. त्यातून काही बाजूला ठेवते, हे मला कधी विचारावंसंही वाटलं नव्हतं. माझ्या आई कुठे काय करते, याचा पत्ताच नव्हता मला!

मी फोन केला. तिने पैशांचा विषयच काढू दिला नाही. म्हणाली, ‘‘चटणी जास्त तिखट झालीय का?’’

पुढे २०२३ मध्ये अरुंधतीने आशुतोषशी लग्न केलं. पन्नाशीकडे झुकलेली बाई, नातवंडांच्या वयात दुसरं लग्न! मला वाटलं आई नाराज होईल. तर ती म्हणाली, ‘‘बरं केलं. मनातलं बोलायला कुणीतरी हवं माणसाला.’’ मी संधी साधून म्हटलं, ‘‘म्हणजे बाईने कधीही, कुठल्याही वयात लग्न केलं तरी तुला चालतं?’’ तिने एका वाक्यात माझी विकेट काढली, ‘‘तू आधी पहिलं तर कर!’’

शेवटचा भाग

नाही, मी मालिकांची वकिली करत नाहीये. नायिकेने सगळं सोसायचं आणि मग महाएपिसोडमध्ये एकदाच बोलायचं, याचा मलाही प्रचंड कंटाळा येतो. चांगली सुरू झालेली गोष्ट आकड्यांपायी रबरासारखी ताणली जाते तेव्हा मीही रिमोट फेकते. ‘दिल दोस्ती दुनियादारी’सारखी सहा मित्रांची साधीसरळ धमाल २०१५ मध्ये आली आणि वर्षाच्या आत गेलीसुद्धा, हे दुःख आमच्या होस्टेल गँगला अजून आहे. पण आता कुणी ‘लोक हे असलं कसं बघतात’ म्हणून नाक मुरडलं की मला विचारावंसं वाटतं, तुझी आई कुठली बघते रे? नाही माहीत? मग विचार की!

मार्च २०२४ मध्ये आमच्या मालिकेची वेळ दुपारी अडीचची झाली. आईने वर्षानुवर्षांची दुपारची झोप सोडली. मी अडीचच्या मीटिंग्ज साडेतीनला ढकलायला लागले. क्लायंटना वाटायचं, मॅडम फार बिझी असतात. नोव्हेंबर २०२४ मध्ये शेवटचा भाग लागला, जवळजवळ पाच वर्षांनी. मी पुण्यात, ती साताऱ्यात, दोन्ही फोन स्पीकरवर. संपल्यावर बराच वेळ कुणी बोललं नाही. मग लांबून बाबांचा आवाज आला, ‘‘संपली? अजून दोन-तीन गोष्टी राहिल्यात त्यांच्या दाखवायच्या!’’ पेपरमागूनच.

‘‘आता?’’ आई म्हणाली.

आता आम्हाला सरळ एकमेकींबद्दल बोलायला लागणार होतं. आम्ही प्रामाणिक प्रयत्न केला. चार दिवस.

‘‘कशी आहेस?’’

‘‘बरी आहे. तू?’’

‘‘मीपण बरी.’’

‘‘थंडी आहे का तिकडे?’’

पाचव्या दिवशी रात्री नऊला फोन वाजला. आवाजात भलताच उत्साह.

‘‘अगं, एक नवीन लागलीय, साडेआठची. त्यातल्या पोरीचं नवीन घर आहे, एकटी राहते, उशिरापर्यंत जागून कामं करते. मला बाई काळजीच वाटायला लागलीय तिची. तू बघ जरा, आणि मला सांग, ती झोपते कधी?’’

काहीही हं, आई!

असं म्हटलं मी. आणि अॅप उघडलं.